एक कार्ड, अनेक धनी

गोंदियात कुणालाही ‘एनआयसी कुठे आहे हो?’ म्हणून विचारा, तो तुम्हाला जिल्हाधिकारी कार्यालयाचा रस्ता दाखवेल. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे सरकारी कारभाराचे संगणक सांभाळणारी १९७६ सालची संस्था. हाच प्रश्न हिंजवडीतल्या एखाद्या सर्व्हर रूममध्ये विचारा, समोरचा रॅकच्या मागे जाऊन नेटवर्क कार्डावर बोट ठेवेल. इंग्रजीत दोघांची आद्याक्षरं एकच. कॉलेजात असताना आमच्या लॅबमध्ये यावरून बरेच विनोद व्हायचे (दर्जा विचारू नका :-)).

गंमत अशी की दोन्ही एनआयसींपुढचा प्रश्नही एकच होता. दार एक आणि त्यातून ये-जा करणारे अनेक. पहिल्या एनआयसीने ऐंशीच्या दशकात उपग्रहावरून देशभरातली जिल्ह्याची ठिकाणं जोडायला घेतली, तेव्हा प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र वाहिनी देणं परवडणारंच नव्हतं. मग कचेरीच्या छतावर एक छोटी डिश, सगळ्या जिल्ह्यांचे संदेश एकाच वाहिनीत एकमेकांवर चढलेले, आणि प्रत्येकाचा सांकेतिक शिक्का वेगळा, ज्यावरून दिल्लीत ते निवडून काढायचे. गोंदिया तेव्हा जिल्हा नव्हता, भंडाऱ्यातली एक तहसील होती. असो.

या शनिवारी लिहायचंय ते दुसऱ्या एनआयसीबद्दल. एका सर्व्हरवर दहा-वीस व्हर्च्युअल मशीन बसवली (यापुढे ‘व्हीएम’ म्हणतो, बोटं दुखतात) आणि कार्ड मात्र एक किंवा दोनच असली, तर ती वाटायची कशी? आपल्यापैकी बरेच जण दोन क्लिकमध्ये नवं व्हीएम काढतात, नेटवर्कच्या खान्यात ‘ब्रिज्ड’ निवडतात आणि चहाला जातात. त्या एका शब्दामागे पंचवीसेक वर्षांचं भांडण आहे. वेगाचं भांडण तर आहेच, पण खरी ओढाताण आहे ती वाटप कोणी करायचं याची.

सुरुवात जरा मागून करू. बॉब मेटकाफने झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं, त्यात ‘इथर’ची कल्पना मांडली होती. ती कल्पना मुळातच वाटून घेण्याची. एक जाडजूड केबल, तिच्यावर सगळी यंत्रं. ज्याला बोलायचंय त्याने आधी कानोसा घ्यायचा. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. आपल्या सार्वजनिक नळावर एवढी शिस्त कधी पाहिली नाही! पुढे १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी मिळून इथरनेटचं प्रमाण ठरवलं आणि त्यात ४८ बिटांचा पत्ता आला, तोच आपला मॅक अ‍ॅड्रेस. कार्ड कारखान्यातून बाहेर पडतानाच तो त्यावर कोरलेला असायचा. म्हणजे केबल सामायिक, पण कार्ड खासगी. एक कार्ड, एक यंत्र, एक पत्ता. पुढची वीस वर्षं सगळ्या ड्रायव्हरांनी, सगळ्या स्विचांनी आणि सगळ्या अ‍ॅडमिन मंडळींनी हे गृहीतच धरलं.

मेनफ्रेमवाल्यांना यात नवल वाटलं नसतं. आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर केलं, त्यात प्रत्येक माणसाला एक अख्खं ‘स्वतःचं’ यंत्र मिळाल्याचा भास व्हायचा. खोटा कार्ड रीडर, खोटा पंच, खोटा प्रिंटर. खरा प्रिंटर एकच, म्हणून प्रत्येकाचं छापायचं ते आधी डिस्कवर साठवून मग रांगेने सोडायचं. उपकरण एक, धनी अनेक, आणि मधे एक काटेकोर कारकून. आपल्याकडे १९७८ मध्ये आयबीएमने गाशा गुंडाळला (फेरा कायदा, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस, तो एक वेगळ्या शनिवारचा विषय), त्यामुळे या विद्येची परंपरा आपल्याकडे फारशी रुजली नाही. आपण थेट पीसीच्या गाडीत चढलो. आणि पीसी म्हणजे एका धन्याचं यंत्र.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याच महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या व्हीएमवेअर नावाच्या वर्षभराच्या कंपनीने आपलं पहिलं उत्पादन बाजारात आणलं. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण दोन्ही वाटणीच्याच. व्हीएमवेअरचा दावा होता की साध्या इंटेल पीसीवर, चालू विंडोज किंवा लिनक्सच्या पोटात, दुसरी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालवता येते. चाललीही. प्रश्न होता आतल्या पाहुणीला नेटवर्क कसं द्यायचं. तिला खरं कार्ड दिलं तर घरमालकाचं काय?

त्यांनी सोंग काढलं. आतल्या सिस्टीमला दिसायचं एएमडीचं एक जुनं, सर्वांच्या ओळखीचं कार्ड, लान्स नावाचं. ते प्रत्यक्षात कुठेच नव्हतं. आतला ड्रायव्हर बिचारा त्या कार्डाच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायला जायचा, की प्रोसेसर त्याला तिथेच अडवायचा. मग नियंत्रण व्हीएमवेअरकडे, तिथून सगळा संसार आवरून यजमान सिस्टीमकडे (या उडीला ते ‘वर्ल्ड स्विच’ म्हणत, नाव अगदी सार्थ आहे), तिथून एका साध्या प्रोग्रामकडे, त्याच्याकडून यजमानाच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे, आणि मग कुठे खऱ्या कार्डाकडे. एक पॅकेट बाहेर पाठवायला अशा कितीतरी अडवणुकी. २००१ मध्ये शुगरमन, वेंकिटचलम आणि लिम या त्यांच्या तीन अभियंत्यांनी यावर एक निबंध वाचला. ज्याला हा विषय मुळापासून समजून घ्यायचाय त्याने तो आजही वाचावा, कारण त्यात लपवाछपवी नाही. त्यांचा सगळा खटाटोप १०० मेगाबिटची लाईन भरण्यासाठी होता! त्यांनी केलं काय, तर जमेल तितकं काम आतच उरकायचं, दर पॅकेटला दार न ठोठावता चार-पाच पॅकेटं जमली की एकदम सोडायची, आणि मधल्या पायऱ्या गाळायच्या. तेव्हा कुठे लाईन भरली.

पाठवण्याची बाजू झाली. येणाऱ्या पॅकेटांची गोष्ट जास्त मजेची आहे. कार्ड हे स्वभावाने एकनिष्ठ असतं. आपल्या पत्त्यावरचं नसेल ते पॅकेट दारातूनच परत. आता मागे दहा व्हीएम बसली, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, आणि कार्डाला माहीत फक्त स्वतःचा. यावरचा उपाय म्हणजे कार्डाला ‘येईल ते सगळं घे’ असं सांगायचं. या अवस्थेला इंग्रजीत जे विशेषण आहे ते चारचौघांत भाषांतर करण्यासारखं नाही :-). घेतलेलं सगळं मग सॉफ्टवेअरमधल्या एका स्विचपुढे ठेवायचं आणि त्याने पत्ते बघून ज्याचं त्याला द्यायचं. हाच तो ‘ब्रिज’. व्हीएमवेअरने आपल्या खोट्या कार्डांसाठी पत्त्यांचे स्वतंत्र गटच घेतले. ००:५०:५६ ने सुरू होणारा पत्ता दिसला की जाणकार ओळखतो, ही मंडळी हाडामांसाची नाहीत. कारखान्यात कोरायचा पत्ता आता फाईलमधली एक ओळ झाला. व्हीएमची फाईल कॉपी केली की पत्ताही कॉपी, मग एकाच नेटवर्कवर जुळे भाऊ, आणि मग अ‍ॅडमिनची रात्र.

बाहेरच्या खऱ्या स्विचलाही धक्का बसला. एका पोर्टवर एक पत्ता असतो हे त्याचं आजवरचं ज्ञान, आणि इथे एका वायरीतून वीस जण नावं सांगतायत. बऱ्याच ठिकाणी सुरक्षेसाठी ‘एका पोर्टवर एकच पत्ता’ असा नियम लावलेला असायचा, तिथे पोर्ट बंद पडायचं. नेटवर्क विभाग आणि सर्व्हर विभाग यांच्यातली भांडणं इथूनच रंगली. आजवर स्विच नेटवर्कवाल्यांचा होता. आता सर्व्हरच्या पोटात एक स्विच तयार झाला होता आणि त्याची किल्ली सर्व्हरवाल्यांकडे होती. हे दुःख मी जवळून पाहिलंय.

इथे थोडं गावाकडे जातो, कारण मला हा प्रकार पहिल्यांदा नीट उमगला तो तलावावरून.

आमच्या झाडीपट्टीत (गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग) धानाची शेती चालत आलीय ती तलावांच्या जिवावर. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. पुढे मालगुजारी आली आणि तलाव मालगुजाराच्या नावावर लागले. आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजारी’चं ते लघुरूप. सरकारी कागदावरही हाच शब्द असतो, नव्या अधिकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तलावाची रचना साधी. मातीची पाळ, जास्तीचं पाणी जायला सांडवा, आणि खाली शेतांकडे पाणी सोडायला एक तोंड, ज्याला तुडूम म्हणतात. तुडुमातून पाणी पाटात, पाटातून पहिल्या बांधीत, ती भरली की तिची धुरा ओलांडून दुसऱ्या बांधीत, तिच्यातून तिसऱ्या. रोवणीच्या दिवसांत सगळ्यांना एकदमच पाणी हवं असतं. वरच्याने बांध फोडला नाही तर खालच्याची बांधी कोरडी, आणि वरच्याने नको तेव्हा फोडला तर खालच्याचं पऱ्हं वाहून जातं. म्हणून तुडुमापाशी कुणीतरी उभं राहावं लागतं, ज्याचा शब्द सगळे मानतील.

तो शब्द कोणाचा, हा सगळा इतिहास आहे. मालगुजाराच्या काळात मालगुजाराचा, आणि गावाच्या रिवाजाचा. कोणाला किती पाण्याचा हक्क, पाळीची डागडुजी कोणी करायची, हे गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेलं असायचं. मग १९५० चा मालगुजारी रद्द करणारा कायदा आला (तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो), १९५१ मध्ये तो लागू झाला आणि तलाव सरकारचे झाले. पुढे महाराष्ट्रात मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, छोटे जिल्हा परिषदेकडे. मालगुजारांबद्दल मला अजिबात कढ नाही, त्यांनी काय काय केलं तेही गावात सांगणारे आहेत. पण पाळ तीच, तुडूम तेच, बांध्या त्याच, फक्त तुडुमापाशी उभा असलेला माणूस बदलला आणि तलावांत गाळ साचत गेला. खात्याचा माणूस तालुक्याला राहतो. रोवणीच्या पहाटे तो तुडुमापाशी कसा असणार?

हे डोक्यात ठेवून परत सर्व्हरमध्ये या.

२००१ मध्ये व्हीएमवेअरने ईएसएक्स सर्व्हर काढला. त्यात मधला यजमान काढून टाकला होता. हायपरवायझर थेट लोखंडावर, कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात, स्विचही त्याच्याच पोटात. म्हणजे सगळं एका मालगुजाराच्या हातात. वेग वाढला, शिस्तही आली. एका व्हीएमने शेजाऱ्याची पॅकेटं चोरून बघू नयेत म्हणून ‘येईल ते सगळं घे’ ही अवस्था आतल्या स्विचवर मुळातच बंद ठेवली होती. पण ड्रायव्हर बिघडला तर अख्खं यंत्र खाली, आणि कुठलं कार्ड चालेल हे कंपनी ठरवणार.

केंब्रिज विद्यापीठातल्या मंडळींनी २००३ मध्ये झेन आणलं, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्यांचा विचार बरोबर उलटा झाला. हायपरवायझर जितका लहान तितका बरा, ड्रायव्हर त्याच्या पोटात नकोच. एक खास व्हीएम काढा, खरं कार्ड त्याच्या ताब्यात द्या, बाकीच्यांनी त्याच्याकडून मागून घ्या. शिवाय सोंगही नको. आतल्या सिस्टीमला सरळ सांगून टाका की बाई, तू व्हीएम आहेस, तुझ्याकडे खरं कार्ड नाही, पण हा एक कागद तुझ्या-माझ्यात सामायिक आहे, त्यावर पाठवायचं ते लिहून ठेव. ड्रायव्हरचे दोन तुकडे झाले: पुढचा भाग पाहुणीकडे, मागचा त्या खास व्हीएमकडे, आणि मधे मेमरीतलं एक गोलाकार रजिस्टर. मागच्याने प्रत्येकीचं रजिस्टर आळीपाळीने बघायचं. पाळी! शब्दसुद्धा आमच्या पाटावरचाच. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने यंत्रं द्यायला सुरुवात केली ती याच झेनवर.

२००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं, आणि तेव्हा चित्र असं होतं की प्रत्येक हायपरवायझरची आपली वेगळी जोडड्रायव्हरची पद्धत. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन माणसाला याचा वैताग आला आणि त्याने ‘व्हर्टआयओ’ लिहिलं. कल्पना झेनचीच, पण सगळ्यांसाठी एकच साचा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सर्वात कमी गाजलेलं आणि सर्वात उपयोगी काम हेच. आज लिनक्सचं व्हीएम उघडून बघा, बहुतेक ठिकाणी तेच कार्ड दिसेल, जे कधी कुठल्याच कारखान्यात बनलं नाही.

आता एक अनुभव. २०१० च्या सुमारास मी एका क्लायंटच्या कामावर होतो, नाव नको. त्यांच्या एका सर्व्हरवर चौदा व्हीएम आणि एकेक गिगाबिटची दोन पोर्टं. त्यातलं एक व्हीएम ग्रामीण शाखांचं काम बघायचं. छोटी छोटी पॅकेटं, दिवसभर संथपणे चालणारी. रोज सकाळी अकराच्या आसपास शाखांतले स्क्रीन गोठायचे, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचे. तक्रार आली की मुख्यालयाचं उत्तर ठरलेलं: गावाकडची लाईन खराब. तीन आठवडे लाईनवाल्यांवर खापर फुटत होतं. शाखेचा माणूस फोनवर सांगायचा की बाहेर म्हातारी माणसं रांगेत उभी आहेत, दोन जणी उद्या येतो म्हणून परत गेल्या, त्यांचं गाव बारा किलोमीटरवर आहे.

लाईनचा काही दोष नव्हता. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या एका व्हीएममध्ये रोज पावणेअकराला कुठल्याशा रिपोर्टसाठी अख्खा डेटाबेस ओतला जायचा, आणि दोघांचं पोर्ट एकच होतं. मर्यादा घातलेली होती, पण त्या काळच्या साध्या स्विचमध्ये ती फक्त व्हीएममधून बाहेर जाणाऱ्या डेटावर घालता यायची. आत येणाऱ्या लोंढ्याला दारच नव्हतं. आम्ही ते व्हीएम दुसऱ्या पोर्टवर हलवलं, पाच मिनिटांचं काम. मला राहून राहून आठवतं ते एवढंच की तीन आठवडे सगळे पाटाच्या शेवटच्या टोकाला खणत होते आणि तुडुमापाशी कुणी गेलंच नव्हतं. शेवटच्या बांधीवाल्याला पाणी नाही मिळालं की ‘तुझीच बांधी फुटकी’ म्हणायची पद्धत जुनीच आहे.

तोवर कार्डं १० गिगाबिटची होऊ लागली होती, आणि एक साधं गणित सगळ्यांच्या झोपा उडवत होतं. सर्वात लहान पॅकेटं धरली तर १० गिगाबिटच्या लाईनवरून सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेटं येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटमागे साधारण ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर दोनशे ठोके. तेवढ्यात पत्ता बघायचा, कोणाचं ते ठरवायचं, त्याच्या मेमरीत नकलून ठेवायचं आणि त्याला उठवायचं. तेव्हाच्या सॉफ्टवेअर कारकुनाला एवढ्या वेगाने शिक्के मारणं जमत नव्हतं. व्हीएमसाठी विकत घेतलेल्या प्रोसेसरचा बराचसा जीव नुसत्या वाटपातच जायला लागला.

मग कोणीतरी म्हणणारच होतं की कारकूनच काढून टाका. पीसीआयचं प्रमाण ठरवणाऱ्या संघटनेने २००७ मध्ये ‘एसआर-आयओव्ही’ नावाचं प्रमाण जाहीर केलं. त्यात कार्ड स्वतःच यंत्राला सांगतं की मी एक नाही, मी बरीच आहे. एक मुख्य रूप, जे यजमानाकडे राहतं, आणि त्याची अनेक हलकी रूपं, जी एकेका व्हीएमला थेट देऊन टाकायची. प्रत्येक रूपाच्या रांगा वेगळ्या, पत्ता वेगळा. पत्ते बघून वाटणी करणारा छोटा स्विच कार्डाच्या चिपमध्येच. इंटेलच्या ८२५९९ या १० गिगाबिटच्या चिपमध्ये एका पोर्टमागे अशी ६४ रूपं निघायची. दशावतारही मागे पडले.

यात एक धोका होता. कार्ड मेमरीत थेट लिहितं, प्रोसेसरला न विचारता. व्हीएमच्या हातात खरं कार्ड दिलं आणि त्याने कार्डाला शेजाऱ्याच्या मेमरीचा पत्ता दिला तर? म्हणून आधी मदरबोर्डावर आणखी एक राखणदार बसवावा लागला, इंटेलने त्याला व्हीटी-डी म्हटलं. कार्डाने मागितलेला प्रत्येक पत्ता तो तपासतो आणि दुसऱ्याच्या शेतात पाय टाकू देत नाही. हे दोन्ही जमून आलं आणि लिनक्समध्ये २००९ च्या सुमारास त्याची सोय झाली, तेव्हा व्हीएमला जवळपास खऱ्या यंत्राइतका वेग मिळाला.

आणि यजमान आंधळा झाला. पॅकेटं त्याच्या हातून जातच नाहीत, तर तो मोजणार काय, अडवणार काय? चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर अलगद हलवणं ही व्हर्च्युअलायझेशनची सर्वात मोठी जादू. तीच बंद पडली, कारण व्हीएमचा एक पाय आता एका विशिष्ट लोखंडी कार्डात अडकला होता. त्यामुळे अनेक वर्षं मंडळींचे दोन पंथ होते. एक म्हणे वेग गेला तरी चालेल, वाटप माझ्या डोळ्यांसमोर हवं. त्यांनी सॉफ्टवेअर स्विच आणखी हुशार केला. २००९ मध्ये आलेला ओपन व्हीस्विच हे त्याचं ठळक उदाहरण. त्यामागच्या निसिरा या कंपनीला व्हीएमवेअरने २०१२ मध्ये १२६ कोटी डॉलर मोजले, यावरून वाटपाच्या किल्लीची किंमत कळावी. दुसरा पंथ म्हणे मधल्याला काढा, बाकीचं नंतर बघू. शेअर बाजारवाले आणि टेलिकॉमवाले अर्थातच दुसऱ्या पंथाचे.

शेवटी मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तिसराच रस्ता काढला. वाटप करणारा हवाच, पण तो भाडेकरूंच्या प्रोसेसरवर नको. अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये एसआर-आयओव्ही घेतलं, २०१५ मध्ये अन्नपूर्णा लॅब्ज ही इस्रायली चिप कंपनी विकत घेतली (नाव हिमालयातल्या शिखरावरून, पण वाढपाचं काम करणाऱ्या चिपला याहून चांगलं नाव आपल्यालाही सुचलं नसतं), आणि २०१७ मध्ये नायट्रो नावाने सगळं वाटप वेगळ्या कार्डावर नेलं. मायक्रोसॉफ्टने तेच काम पाहिजे तशी घडवता येणारी चिप कार्डावर बसवून केलं. मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं, अ‍ॅमेझॉनचं मुंबईचं २०१६ मध्ये. म्हणजे आज तुमच्या व्हीएमच्या तुडुमापाशी एक वेगळा संगणकच उभा आहे. तो मालकाचा आहे, त्याच्यावर काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. आपल्या ऑफिसांतही हवा बदलतेय. व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरपासून ब्रॉडकॉमच्या मालकीची आहे, आणि ब्रॉडकॉम नेटवर्क कार्डंही बनवते. तलाव आणि तुडूम एकाच घरात आले म्हणायचे.

सरकारचंही तेच झालं. आमच्या लहानपणी सातबारा म्हणजे तलाठ्याची वही. मग तहसील कचेरीतला संगणक. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘मेघराज’ नावाने सरकारी क्लाउड सुरू केला, राज्यांची स्वतःची डेटा सेंटरं झाली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला (पुन्हा १ मे, काय योग आहे बघा). धान हमीभावाने विकायचा तर आधी ऑनलाईन नोंदणी, आणि नोंदणीला सातबारा. त्यामुळे हंगामात गोंदियातल्या हजारो लोकांना एकाच आठवड्यात त्याच दारातून जायचं असतं.

परवा सहज बसून मोजलं की सालेकसा किंवा देवरीकडच्या एखाद्या गावातून मागितलेलं सातबाऱ्याचं एक पान किती ठिकाणी वाटून घेतलेल्या दारातून जात असेल. गावात भारतनेटचं फायबर असेल तर पहिलं तिथेच. त्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेला एक धागा काचेच्या बिनविजेच्या फाटणीने अनेक ग्रामपंचायतींत विभागला आहे. खाली येणारे अडीच गिगाबिट सगळ्यांचे मिळून, आणि वर पाठवायचं तर एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येकाला पाळी नेमून देतं. दुसरं दार तालुक्यापासून पुढच्या लाईनचं. तिसरं डेटा सेंटरच्या तोंडाशी. चौथं रॅकच्या स्विचवर. पाचवं त्या कार्डावर, ज्याच्याबद्दल एवढा वेळ लिहिलं. सहावं त्याच्या मागच्या सॉफ्टवेअर स्विचवर किंवा कार्डाच्याच पोटातल्या चिपवर. मग कुठे ते व्हीएम, जे विभागातल्या सगळ्याच जिल्ह्यांना उत्तर देतंय. सहा ठिकाणी सहा वेगळे वाटेकरी, आणि वाटपाचा नियम लिहिणारे त्याहून वेगळे. यातलं प्रत्येक जण आपलं पोर्ट हिरवं आहे असं खरेपणाने सांगू शकतो.

सेवा केंद्रात खुर्चीच्या कडेवर बसलेला शेतकरी स्क्रीनवरच्या फिरणाऱ्या चक्राकडे बघत विचारतो, “सर्व्हर डाऊन हाय का जी?” आणि कीबोर्डवरचा पोरगा “हो काका, उद्या या” म्हणतो. त्याला तरी यातलं कुठलं तुडूम दिसणार?